धाव कोणी बसवावी?

महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाकडी चाकांची बैलगाडी जेव्हा सर्रास वापरात होती, तेव्हा तिच्या चाकाला लोखंडाची जी कडी बसवीत, तिला ‘धाव’ म्हणत. सुताराने तुंबा, आरे आणि वरचा लाकडी घेर सांधून चाक सिद्ध केले, की ते लोहाराकडे जाई. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवलेली असे. गोवऱ्यांच्या विस्तवात ती लाल होईपर्यंत तापवली, की प्रसरण पावे. मग दोघातिघांनी ती सांडशींनी उचलून चाकावर चढवायची आणि लगोलग वर पाणी ओतायचे. थंड होता होता धाव आकसे आणि सारे चाक घट्ट आवळून धरी. हे काम शेतकरी स्वतः करीत नसे. मात्र आसाला वंगण घालणे, आसाच्या टोकाची खीळ जागेवर आहे की नाही हे पाहणे, धाव सैल होऊन खडखडू लागली तर तो आवाज ओळखणे, ही कामे तो दुसऱ्या कोणावर सोपवीत नसे. गाडी त्याची, बैल त्याचे आणि गाडीत बसणारी मुलेमाणसेही त्याचीच असत.

आज बैलगाडीची जागा मोटारीने घेतली आहे आणि लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आला आहे. परंतु जुना प्रश्न काही मिटलेला नाही. टायर मालकाने स्वतः निवडून, स्वतःच्या हातांनी बसवावा, की सारे काम गॅरेजवर सोपवून निश्चिंत व्हावे? स्वावलंबन हा मोठा गुण आहे, यात शंका नाही. त्याचप्रमाणे ज्याचे काम त्यानेच करावे, हेही शहाणपणाचे वचन आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे टायरच्या उदाहरणावरून चांगले समजते.

प्रथम टायरचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. मोटार कितीही मोठी व मौल्यवान असो, जमिनीशी तिचा संबंध येतो तो केवळ चार टायरांच्या द्वारे. आणि त्या प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग तरी केवढा? समजा, गाडीचे वजन १००० किलो आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो असेल, तर २५० ला २.३ ने भागून सुमारे १०८ चौरस सेंटिमीटर हे उत्तर मिळते. मोठ्या माणसाचा तळहात साधारण एवढाच असतो. गाडीचा वेग वाढवणे, ती वळवणे, ब्रेक दाबून ती थांबवणे, या सर्व क्रिया चार तळहातांएवढ्या जागेवर अवलंबून असतात. ब्रेक कितीही उत्तम असला, तरी तो फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर.

हा टायर मनुष्याला एका दिवसात गवसला नाही. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत कडक होऊन तडकते. गंधकाबरोबर तापवल्यास त्याचा हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली आढळून आले. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु काळ अनुकूल नसल्यामुळे त्याची कल्पना मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि या शोधाचा खरा प्रसार सुरू झाला.

डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो चाकाला सरसाने चिकटवलेला असे. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ या गावी मिशेलिन बंधूंचा रबराचा कारखाना होता. १८८९ साली एक सायकलस्वार असाच फुटलेला टायर घेऊन तेथे आला. तो काढून दुरुस्त करण्यास काही तास लागले आणि सरस वाळण्यासाठी सारी रात्र थांबावे लागले. हे पाहून एदुआर मिशेलिन याच्या मनात आले, की वाटसरूला स्वतः वाटेतच काढता व घालता येईल असा टायर असला पाहिजे. १८९१ साली तसा टायर तयार झाला आणि त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरांच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा सायकलपटू त्याच टायरांवर पहिला आला. ‘टायर कोणी बसवायचा’ हा प्रश्न टायरच्या इतिहासात आरंभापासूनच किती महत्त्वाचा होता, हे यावरून दिसून येते.

मोटारीचा टायर पुढे पुष्कळ बदलला. मिशेलिन यांनी १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. या प्रकारात आतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो. ट्यूबशिवाय हवा धरून ठेवणारे टायरही त्याच सुमारास आले आणि आज भारतातील बहुतेक नव्या मोटारींना ट्यूबलेस रेडियल टायरच असतात. हे टायर अधिक टिकाऊ व सुरक्षित आहेत. पण ते घरच्या हत्यारांनी बसवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. जे काम मिशेलिन बंधूंनी वाटसरूच्या हाती आणून दिले होते, ते टायर सुधारता सुधारता पुन्हा कारागिराकडे गेले.

तथापि निवड करणे ही निराळी गोष्ट आहे. तिला हत्यार लागत नाही, ज्ञान लागते; आणि हे ज्ञान टायरच्या अंगावरच लिहिलेले असते. ते वाचता आले पाहिजे, एवढेच. उदाहरणार्थ, एखाद्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ अशी अक्षरे असतात. त्यांतील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६५ याचा अर्थ असा, की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आहे. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचना दाखवते. १५ हा आतील रिमचा इंचांमधील व्यास होय. ८८ हा भाराचा सांकेतिक अंक असून त्याचा अर्थ हा टायर ५६० किलोपर्यंत भार पेलू शकतो, असा आहे. शेवटचे ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही त्याची वेगमर्यादा सांगते. गाडीला कोणता टायर योग्य, हे तिच्या पुस्तिकेत दिलेले असते. दिसायला रुबाबदार म्हणून अधिक रुंद टायर घालणे, किंवा थोडे पैसे वाचतात म्हणून कमी भार पेलणारा टायर घेणे, या दोन्ही चुका सारख्याच घातक होत.

टायरच्या भिंतीवर लंबवर्तुळाकार चौकटीत चार अंक कोरलेले असतात, त्यांच्याकडेही लक्ष द्यावे. ते टायरची जन्मतिथी सांगतात. ‘३५२३’ असे अंक असल्यास तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. रबर नुसते पडून राहिले तरी हवा, ऊन व उष्णता यांनी हळूहळू कडक होत जाते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी वापरू नये, असा सल्ला काही उत्पादक देतात. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरवर ‘आय. एस. आय.’ हे मानकचिन्हही असावे लागते. काळे रंगरोगण चढवून नव्यासारखे चकचकीत केलेले जुने टायर स्वस्तात मिळतात. पण त्यांच्या आतील दोऱ्यांना कोणती इजा झाली आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

टायर स्वतः खरेदी करून आणावा, की गॅरेजवाला देईल तो घ्यावा? स्वतः चार ठिकाणी चौकशी करणाऱ्यास भावाची तुलना करता येते, हवा तो टायर निवडता येतो आणि निर्मितीची तारीख नीट पाहता येते. मात्र बाहेरून आणलेला टायर बसवण्याची मजुरी निराळी पडते. पुढे टायरमध्ये दोष आढळला तर विकणारा बसवणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि बसवणारा विकणाऱ्याकडे. जेथे घेतला तेथेच बसवला, तर जबाबदारी एकाच जागी राहते. उलट, ज्या मालकाला टायरवरील अक्षरे वाचता येत नाहीत, त्याच्या गळ्यात दुकानातील जुना माल किंवा अनावश्यक काम पडण्याचा संभव असतो. म्हणून सामान्य कुटुंबासाठी मधला मार्ग बरा. चौकशी व निवड स्वतः करावी, खरेदी व बसवणी विश्वासू दुकानात एकत्र करावी, आणि पावती जपून ठेवावी.

आता प्रत्यक्ष बसवणीकडे वळू. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारेचे वेटोळे असते. ते ताणून लांबत नाही. तसे ते लांबले असते, तर टायर रिमवर टिकलाच नसता. मग ही न ताणणारी कड रिमच्या उंच काठावरून आत जाते कशी? त्यासाठी रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ ठेवलेली असते. कडेचा एक भाग त्या पन्हळीत दाबून धरला, की समोरच्या बाजूस तेवढी सैलाई मिळते आणि कड काठावरून ओलांडता येते. जुना टायर काढताना प्रथम रिमला घट्ट बसलेली त्याची कड सुटी करावी लागते. याला मोठा जोर लागतो. पहारीने हे काम करू गेल्यास कडेची तार दुखावते, रिमला चरे पडतात आणि तेथून पुढे हवा झिरपत राहते. दुकानातील यंत्र हेच काम सावकाश व सारख्या जोराने करते. नवा टायर चढवण्यापूर्वी कडेला साबणाचे पाणी किंवा विशेष मलम लावतात आणि हवेचा जुना व्हॉल्व्ह बदलतात. टायरच्या भिंतीवर बाण कोरलेला असेल, तर चाक त्याच दिशेने फिरेल असा टायर बसवतात.

यानंतरची पायरी सर्वांत धोक्याची आहे. हवा भरू लागले, की टायरच्या कडा बाहेर सरकून ‘ठप्’ असा आवाज करीत रिमच्या काठाशी बसतात. कधी एखादी कड मध्येच अडकते. अशा वेळी अजाण माणूस दाब वाढवीत जातो. दाब मर्यादेबाहेर गेला, की कडेची तार तुटते आणि टायर व रिम तोफेतून सुटल्याप्रमाणे उसळतात. सराईत कारागीर अशा प्रसंगी हवा सोडून देतो, पुन्हा वंगण लावतो व नव्याने आरंभ करतो. काम येणे म्हणजे केवळ पुढे जाता येणे नव्हे. कोठे थांबावे हे कळणे, हाही त्याचाच भाग आहे.

टायर बसला तरी काम संपत नाही. कोणतेही चाक सर्व बाजूंनी अगदी सारख्या वजनाचे नसते. वर सांगितलेल्या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर भरतो. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असता असे चाक एका सेकंदात अकराहून अधिक फेरे घेते. त्याच्या रिमच्या काठाशी एका बाजूस केवळ २० ग्रॅम वजन अधिक असेल, तर त्या वेगात ते जवळजवळ दोन किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर ओढते, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यागणिक दिशा बदलते. त्यामुळे स्टिअरिंग थरथरते, टायर एकाच जागी झिजतो आणि चाकाच्या बेअरिंगवर ताण येतो. चाक यंत्रावर फिरवून, हलक्या बाजूस छोटी वजने लावून हा दोष घालवतात. यालाच बॅलन्सिंग म्हणतात. चाकांचे कोन परस्परांशी जुळवणे याला अलाइनमेंट म्हणतात. ही दोन्ही कामे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाहीत, त्यांना यंत्र लागते. टायर सहसा काही वर्षांतून एकदा बदलावा लागतो. तेवढ्यासाठी घरी महागडी यंत्रे आणून ठेवणे, म्हणजे वर्षाला एक सदरा शिवण्यासाठी कापडगिरणी उभारण्यासारखे आहे.

याचा अर्थ मालकाने डोळे मिटून बसावे, असा मुळीच नव्हे. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. काही ठिकाणी घाईत हवेच्या यंत्राने ते एवढे आवळले जातात, की पुढे रात्रीच्या वेळी घाटात चाक बसले असता गाडीतील हातपान्याने काही केल्या सुटत नाहीत. उलट ते सैल राहिले, तर चाक निखळण्याचे भय. यासाठी ठरावीक जोर लागताच सूचना देणारा पाना मिळतो. शेवटची आवळणी त्या पान्याने करावी, असे मालकाने नम्रपणे पण निश्चयाने सांगावे आणि साधारण शंभर किलोमीटर प्रवासानंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत. चारांपैकी दोनच टायर नवे घेतले असतील, तर ते मागील चाकांना बसवण्याचा सल्ला टायरतज्ज्ञ देतात. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली, तर गाडी फिरते व ती सावरणे फार कठीण जाते.

काही कामे मात्र मालकाने स्वतःच केली पाहिजेत. त्यांतील पहिले काम म्हणजे हवेची तपासणी. महिन्यातून निदान एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी, टायर थंड असताना दाब मोजावा. योग्य दाब किती, हे गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. टायरवर लिहिलेला दाब ही त्याची कमाल मर्यादा असते, तो नित्य वापराचा दाब नव्हे. हवा कमी असली, की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्याने उष्णता निर्माण होते आणि अखेर भरवेगात टायर फुटतो. दुसरे काम नक्षी पाहण्याचे. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या लहान पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदललाच पाहिजे. नक्षीच्या खाचा पावसाचे पाणी बाजूला सारतात. त्या नाहीशा झालेला टायर गोट्यासारखा गुळगुळीत होतो आणि पाण्यावर तरंगत जातो. तिसरे काम म्हणजे वाटेत चाक बसल्यास स्टेपनी लावता येणे. गाडी सपाट व टणक जागेवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकाला दगडाची ओट लावावी, नट आधी थोडे सैल करून मगच जॅक चढवावा आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला आले पाहिजे.

या साध्या कामांचे मोल मोठ्या रस्त्यांवर कळते. नागपूरला मुंबईशी जोडणाऱ्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या सरळ रस्त्यावर वाहने न थांबता तासन् तास वेगाने धावू लागली. झिजलेले व कमी हवेचे टायर अशा प्रवासात तग धरीत नाहीत. टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे २०२३ साली या मार्गावर परिवहन विभागाला वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घ्यावी लागली. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने जे पाहायचे, ते घरून निघतानाच पाहिले असते तर? दोन मिनिटांच्या त्या पाहणीने एखादे कुटुंब सुखरूप घरी पोचले असते.

टायर बदलल्यावर जुन्याचे काय करावे, याचाही विचार हवा. तो अंगणात टाकून दिल्यास त्यात पावसाचे पाणी साचते व डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते. जाळल्यास विषारी धूर निघतो. म्हणून तो दुकानदाराकडे परत देणे, हेच उचित होय.

अशा रीतीने पाहिले असता मालक आणि कारागीर यांच्यात स्पर्धा नाही, कामाची वाटणी आहे. निवड, देखरेख आणि जबाबदारी मालकाची. यंत्र, सराव आणि हातांचे कसब कारागिराचे. ज्याला टायरविषयी काहीच ठाऊक नाही, तो चांगल्या कारागिराचीही किंमत जाणू शकत नाही आणि वाईट कारागिराकडून फसतो. ज्याला माहिती आहे, तो गॅरेजमध्ये उभा राहून चार प्रश्न विचारतो आणि मन लावून काम करणाऱ्याला मजुरीबरोबर आदरही देतो. लोहाराच्या भट्टीपाशी उभा राहून आपल्या चाकावर धाव चढताना लक्षपूर्वक पाहणारा शेतकरी हेच करीत असे. घण त्याच्या हाती नसे, पण धाव नीट बसली की नाही, हे त्याला पुरते कळत असे.

स्वाध्याय

१. शेतकरी धाव लोहाराकडून का बसवून घेई? कोणती कामे तो स्वतः करी?
२. ‘ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर.’ हे विधान स्पष्ट करा.
३. टायरची कड ताणली जात नसतानाही ती रिमच्या काठावरून आत कशी जाते?
४. ‘१६५/८० आर १४’ या टायरच्या भिंतीची उंची किती मिलिमीटर असेल, ते काढा.
५. जे काम स्वतः केलेले बरे आणि जे कारागिराकडे दिलेले बरे, अशी तुमच्या घरातील प्रत्येकी दोन उदाहरणे कारणांसह लिहा.